परसातली इसोए

जपानातल्या कोचीच्या किनाऱ्यावरच्या त्या छोट्या गावात तोरामात्सूच्या परसातलं लिंबू पिळल्याशिवाय कुणाच्या घशाखाली मासा उतरत नसे. तसलं लिंबू दुसरीकडे कुठेच नव्हतं. म्हणून एक दिवस विद्यापीठातल्या बाई वही घेऊन आल्या आणि विचारू लागल्या, "याला तुम्ही काय म्हणता?"

तोरामात्सूला एकदम खोकला आला. शेजारच्या कोळ्याला आभाळात काहीतरी दिसू लागलं. कारण गेली तीस वर्षं गावातले सगळे बाप्ये त्या फळाला 'इसोए' म्हणत, आणि इसोए ही तोरामात्सूची बायको. ती त्या वेळी बाईंना चहा देत होती.

"नाव नाही का याला?"

"आहे की!" पलीकडचे बहिरे आजोबा ओरडले. "इसोए! आंबट ते आंबट, वर काटे!"

इसोएने किटली खाली ठेवली. "अहो, हे बारसं कुणी केलं?"

"अगं, तुझ्याशिवाय जेवणाला चव नाही, असा अर्थ होता त्याचा," तोरामात्सू चाचरत म्हणाला.

"तीस वर्षांत मला नाही कधी सांगितलात तो!" ती बाईंकडे वळली. "लिहा हो, इसोएच लिहा. यांचं नाव तर शेवाळालाही कुणी दिलं नाही."

बाईंनी लिहून घेतलं.

दुपारी तोरामात्सूपुढे नुसताच मासा आला. त्याने लिंबू मागितलं.

"नाव घेऊन मागा," इसोए म्हणाली.

त्याने घेतलं, पण शेजारी ऐकू जाईपर्यंत तिने तीनदा घ्यायला लावलं.