पट काढला, तिथंच थांबायचं होतं

दोष तात्याबांचा. मी रग्बीचा चेंडू बोलतोय, आणि मागचंपुढचं सांगण्याआधी हे नाव घेऊन टाकतो, कारण गावात ते कोणी घेत नाही. वय ऐंशीच्या घरात, तरुणपणी कुस्तीच्या फडात नाव काढलेलं, म्हणून त्यांचं कधी चुकतच नाही अशी सगळ्यांची समजूत. माझंही चुकलंय. तेही सांगणार आहे.

मी अंड्यासारखा लांबुडका. टप्पा पडला की कुठं उडेन ते मलाच ठाऊक नसतं. एका शाळेनं मला विकत घेतलं आणि तीन वर्षं कपाटात कोंडलं. तपासणीला साहेब आले की तेवढं टेबलावर मांडायचे. पुढं कपाट आवरताना काढून टाकलं. शाळा अर्धवट सुटलेल्या पोराला गावात जी किंमत, तीच माझी.

मला उचललं प्रांजलनं. सांगलीला कॉलेजात ती रग्बी खेळलेली. नोकरी लागेपर्यंत रहिमतपूरजवळ आजोळी राहिली होती. तिथल्या मैदानावर लष्कराच्या भरतीसाठी पळणारी सात-आठ पोरं होती, त्यांना तिनं गोळा केलं.

त्यातला जयराज वीस वर्षांचा. भरतीला वयाची अट एकवीस, म्हणजे त्याच्या हातात एकच संधी उरलेली. आडव्या दांडीला लटकून हनुवटी वर न्यायची, त्याला ही पोरं बीम म्हणतात. जयराज दहा बीम सहज काढायचा. आई साळूबाई शेजारणींना ते मोजून दाखवायची.

पहिले दिवस नुसता गोंधळ. पळायचं पुढं आणि चेंडू द्यायचा मागच्याला, हे पोरांच्या डोक्यात शिरेना. त्यांच्यातलाच मल्हार म्हणाला, हा खेळ कुणी तरी उलटं बसून काढलाय. मी प्रत्येकाच्या हातातून निसटायचो. जयराज तेवढा मला बोटं पसरून धरायला शिकला. पडताना चेंडू दोन्ही हातांनी पोटाशी आवळायचा, कुशीवर पडायचं, हात जमिनीला टेकवायचा नाही, हे प्रांजलनं त्याच्याकडून शंभरदा घोटवून घेतलं.

अडवायचं कसं, हे तिनं पोरांच्याच भाषेत सांगितलं. कुस्तीत पट काढायला जाता तसं खाली जा. खांदा लावा, मांड्यांना मिठी मारा आणि त्याच्याबरोबर तुम्हीही पडा. उचलायचं नाही. पट काढला, की तिथंच थांबायचं.

तालमीतली पोरं ती. तीन दिवसांत जमलं त्यांना.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तात्याबा काठी टेकत आले आणि कडेच्या दगडावर बसले. ते मल्हारचे चुलत आजोबा. पोरं एकमेकांना मिठी मारून पडताहेत हे बघून त्यांचं तोंड कडू झालं.

"पट निघालाय न्हवं? मग उचल की रं. पाठीवर पाड त्येला."

प्रांजल जवळ गेली. "आवं आबा, ह्या खेळात उचलत न्हाईत. मान मोडंल कुणाची तरी."

त्यांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मल्हारला म्हणाले, "पोरीकडनं डाव शिकतुयास व्हय? आमच्याच घरातला हाईस न्हवं तू?"

मल्हारनं एकदा प्रांजलकडं बघितलं, एकदा आजोबांकडं. तेवढ्यात मला घेऊन जयराज धावत आला. मल्हार खाली गेला, अगदी शिकवल्यासारखा, खांदा मांडीला लावून. आणि मग त्यानं उचललं.

जयराजचे पाय डोक्याच्या वर गेले. त्यानं मला सोडलं असतं तर हात टेकता आले असते. पण नवशिका सांगितलेलं जिवापाड पाळतो. आठवडाभर प्रत्येकाच्या हातातून निसटलो मी, नेमका तेव्हा चिकटून बसलो. तो खांद्यावर आदळला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यात जवळून मी ऐकला. तात्याबांनी टाळी वाजवली होती. ती निम्म्यात थांबली.

दवाखान्यात साळूबाईनं विचारलं, कसं झालं. पाय घसरला, तात्याबा म्हणाले. मल्हारनं मान खाली घालून व्हय म्हटलं. प्रांजल खरं सांगायला लागली, तर तात्याबा म्हणाले, "पोरीनं शिकवल्यावर दुसरं काय हुणार?" आणि गळ्यात हात बांधलेला जयराज छताकडं बघत म्हणाला, "घसरलोच मी." वडीलधाऱ्याला खोटं पाडायचं नाही, हे तो खेळाच्या कितीतरी आधी शिकलेला.

मी प्रांजलच्या पिशवीत होतो. गप्प.

तिचं मैदान बंद झालं. जाताना तिनं मला जयराजकडं दिलं. आता मी त्याच्या खाटेखाली पडून असतो. हवा गेलीय, एक बाजू आत बसलीय. तो झाडताना मला उचलतो, पुसतो, परत ठेवतो. शिवी देत नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. त्याच्या नजरेला नजर द्यायला मला डोळे नाहीत, हेच बरं.

मोठ्या माणसांनो, जो खेळ तुम्ही खेळला नाही, त्याच्या कडेला बसून डाव सांगू नका. आणि पोरांनो, पाया जरूर पडा, पण तोंड उघडं ठेवून पडा. माझ्यासारखं गप्प राहाल, तर माझ्यासारखं लोळत राहाल.

मल्हार भरती झाला. तात्याबांनी पेढे वाटले.

जयराजचं हाड जुळलं, पण उजवा हात खांद्याच्या वर सरळ जात नाही. बीम एकही निघत नाही. मार्चमध्ये त्याला एकवीस पूर्ण झाली.