खडकवासल्याचा रविवार

बायको, आम्रपाली, गेल्याचं इस्पितळात डॉक्टरांनी सोनबांना सांगितलं तो रविवार होता. तिची साडी न्यायला सोनबा खडकीच्या घरी आले आणि कॉम्प्युटर वाजायला लागला. दर रविवारी याच वेळेला स्पेनहून विहीणबाई बोलायच्या. मुलगी दीक्षा आयटीतल्या नोकरीसाठी तिकडे गेली आणि तिनं तिथल्याच मुलाशी लग्न केलं. त्या मुलाची ही आई, अंपारो. आईचं दुखणं वाढल्याचं ऐकून दीक्षा कालच विमानात बसली होती. सांगायला दुसरं कोणी नव्हतं.

आम्रपाली सदाशिव पेठेत स्पॅनिशच्या क्लासला जायची. विहीण पुण्याला येईल तेव्हा तिला परकं वाटू नये, म्हणून दर रविवारी एकेक जागा सांगून ठेवायची. भाजी मंडई, बुद्धविहार, गच्ची. इथे काहीतरी आहे, आल्गो. तिथे कोणीतरी आहे, आल्गियेन. पलीकडे कोणी नाही, नादिये. क्लासात बरंच शिकवायचे, पण तिचं या तीन शब्दांवर भागायचं. सोनबा शेजारी मटार सोलत ऐकायचे.

"अहो, तुम्हीही बोला की. कारखान्यात जन्मभर तोंड बंदच होतं."

"तुझ्यापुढे कोणाचं उघडतंय?"

"विहीणबाईंना वाटेल, हिनं मुका नवरा केला."

आता पडद्यावर अंपारो विचारत होती, "आम्रपाली?"

'वारली'ला काय म्हणतात ते सोनबांना ठाऊक नव्हतं. त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं.

"नादिये."

मग गच्चीच्या जिन्याकडे. "नादिये."

मग पलंगाकडे. तिथे शब्द फुटला नाही. अंपारोनं दोन्ही हात तोंडावर धरले.

पुढच्या रविवारी पुन्हा कॉम्प्युटर वाजला. अंपारोनं आपलं अंगण दाखवलं. संत्र्याच्या झाडाखाली कापडानं झाकलेलं काही होतं.

"आल्गो," सोनबा म्हणाले.

तिनं कापड काढलं. खुर्ची निघाली. ती खुर्चीत बसली आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

"आल्गियेन."

ती हसली. सोनबांच्या शेजारी बसलेली दीक्षा डोळे पुसत म्हणाली, "बाबा, एवढं येत होतं तर इतके दिवस गप्प का? आईनं सोडलं नसतं तुम्हाला."

तेव्हापासून सोनबाही एकेक जागा सांगतात. चुकलं की विहीणबाई सासूसारख्या टोकतात.

जिथे धरणाच्या कडेला ते आणि आम्रपाली कणसं खायला जायचे, तो खडकवासला तिनं शेवटी सांगायला मागे ठेवला होता. विहीणबाई दिवाळीला येतायत. सोनबांचा खडकवासला अजून सांगून झालेला नाही.