किल्ली गाडीतच

नदीकाठचं ते गाव बघताक्षणी सासूबाई म्हणाल्या, "कुणीतरी चित्रच काढून ठेवलंय गं!" खिडक्याखिडक्यांत फुलांच्या कुंड्या, पाण्यात उतरलेल्या दगडी पायऱ्या, त्यांवर भरलेली बदकांची सभा. सगळे भराभर गाडीतून उतरले आणि घरच्या शिस्तीप्रमाणे ज्याने त्याने आपापलं दार आतलं बटण दाबून बंद केलं, वर ओढूनही पाहिलं. पिढ्यान् पिढ्या कुलपांचं दुकान चालवणारं घर ते! किल्ली तेवढी आत राहिली. जेवणाचे डबे, बाळाचं दूध आणि सूनबाईच्या नवऱ्याची हत्यारांची पिशवीसुद्धा.

"बाहेर बोलू नका रे," सासूबाईंना हसू आवरेना. "दुकानात काळं कुत्रं फिरकायचं नाही."

सूनबाई मात्र सासऱ्यांकडे बघत होती. आजारपणानंतर त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. तेव्हापासून त्यांनी दुकानाची पायरी चढली नव्हती. "माझं संपलं आता," असं एकदाच म्हणाले होते, तेही वर्तमानपत्राआडून.

समोरच्या घरातून तारेचा हँगर मिळाला. नवऱ्याने हात पुढे केला, तोच सूनबाईने कडेवरचं बाळ त्याच्याकडे सोपवलं.

"धर जरा. खांदा भरून आलाय माझा."

"अगं, मग दार कोण..."

"बाबा आहेत की."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, आणि बाळाला दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

सासऱ्यांनी तार वाकवली, काचेच्या फटीतून आत सरकवली. टोक बटणापाशी गेलं, थरथरलं, निसटलं. पुन्हा निसटलं. सासूबाईंचं हसू कधीच मावळलं होतं. बाळ भुकेने किंचाळायला लागलं.

"नाही जमत. तूच ये रे."

"माझे कुठे हात मोकळे आहेत, बाबा?"

सासऱ्यांनी तार पुन्हा फटीत सरकवली. मग म्हणाले, "सूनबाई, मनगट धर माझं. घट्ट. बाकीचं मी बघतो."

तिने धरलं. कंप तिच्या कोपरापर्यंत चढला. पण त्यांची बोटं आपलं काम विसरली नव्हती. तार वळली, टेकली, बटणाला अडकली. खट्!

जेवण झाल्यावर पायऱ्यांवर पाय पसरून सासरे म्हणाले, "उद्यापासून दुकानात येतोय. सूनबाईलाही आणतो. मनगटाला माणूस लागेल."

"आणि पोर कोण सांभाळणार?" नवऱ्याने विचारलं.

"तूच. आज कसं, दार माझ्याकडे यावं म्हणून दोन्ही हातांनी घट्ट धरलंस!"