एका हाताची डबी

दहा वाजले.

टेबलावर गोळ्यांची डबी. एका हाताने उघडणारी, असं निदान फळ्यावर तरी लिहिलेलं.

करणारे चौघं. यंत्रशाखेची स्प्रिंगबाई, चित्रकलेचा गुळगुळीत, वाणिज्यचा दुकानदार आणि नर्सिंगची सिस्टर. नावं त्यांनीच एकमेकांना ठेवलेली. चार विभागांची चार डोकी एका टेबलाशी बसवून नवी वस्तू घडवायला शिकवायचं, असा मॅडमचा वर्ग. सहा वर्षं त्यांनी तो पोटच्या पोरासारखा जपला होता. अकराला प्राचार्य येणार. डबी चालली तर वर्ग राहील, नाहीतर चौघं आपापल्या विभागात, आणि वर्गाला कुलूप.

दहा पाच.

सिस्टरचे मामा आले. लकव्यानंतर त्यांचा डावा हात संकोचलेल्या पाहुण्यासारखा मांडीवर पडून असायचा. उजव्यात डबी धरून त्यांनी अंगठ्याने झाकण दाबलं. डबी सटकली. मग गुडघ्यांत धरली, तिथूनही सटकली. शेवटी दातांत.

"मामा, दातांनी नाही हो!"

"मग काय, शेजाऱ्याला हाक मारू? दोन हात आहेत त्याला."

दहा बारा.

"स्प्रिंग केवढी कडक केलीस!" गुळगुळीत स्प्रिंगबाईवर उखडला.

"पिशवीत उघडू नये म्हणून. दुकानदारच मागे लागला होता. आणि हा साबण कुणी केला?"

"देखणी नको?" गुळगुळीत म्हणाला.

"देखणी आहे रे. उघडत नाही, एवढंच."

सिस्टर डबी पुसत होती. मॅडमनी तिलाच विचारलं.

"खाली रबर लावा, झाकण दाबायचं नको, सरकवायचं ठेवा, असं मी म्हणाले होते. पहिल्याच आठवड्यात."

"मग?"

"मग मला पेशंट शोधायला पाठवलं."

दर आठवड्याला एक दिवस कामांची अदलाबदल, हा या वर्गाचा रिवाज. नर्सने कानस धरायची, यंत्रवालीने पेशंटशी बोलायचं. यंदा दिवस थोडे म्हणून मॅडमनीच तो मोडला होता. ज्याचं काम त्याने करायचं, लवकर उरकेल. उरकलंही. चार कामं झाली, डबी तेवढी राहिली.

दहा वीस.

"स्प्रिंगच काढते," स्प्रिंगबाई हळूच म्हणाली. "प्राचार्यांसमोर टुणकन उघडेल."

"आणि पिशवीत?"

"पिशवीत कोण बघतंय, मॅडम?"

खरंच, कोण बघणार होतं? मॅडमची मान हलायला निघाली होती.

मामा वाकून डबी उचलत होते. चौथ्यांदा.

"नको," मॅडम म्हणाल्या. "जागा बदला. सगळ्यांनी."

दहा तीस. दहा चाळीस. दहा पन्नास.

स्प्रिंगबाईचा डावा हात रुमालाने कमरेला बांधलेला, समोर मामा गुरुजी: "अंगठा असा नाही गं पोरी, आडवा!" सिस्टरच्या हातात कानस आणि नवं सरकतं झाकण. गुळगुळीत सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापतोय आणि कुरूप दिसतील म्हणून कण्हतोय. दुकानदार केर काढतोय. कुणीतरी काढायलाच हवा.

अकरा.

"झाली का वस्तू?" प्राचार्य दारातूनच.

"नाही झाली," मॅडम म्हणाल्या. "चूक माझी आहे."

मामांनी डबी पुढे केली. "बघा उघडून. एक हात मागे घ्या मात्र."

डबी त्यांच्याही हातून सटकली, टेबलाखाली गेली. प्राचार्य लालबुंद होऊन वर आले. "हे आधी कुणाला कळलं नाही?"

"सिस्टरला कळलं होतं. आम्ही ऐकलं नाही," स्प्रिंगबाई म्हणाली. "वरून दाबलं की सगळा जोर डबीवर जातो. ज्याचा एक हात गेलाय तो धरेल की दाबेल? बाजूला रेटता यायला हवं."

"पण खाच पाहिजे," सिस्टरने कानस न थांबवता जोडलं, "नाहीतर पिशवीत सरकेल. अर्धा मिलिमीटर पुरे."

प्राचार्यांनी स्प्रिंगबाईकडे पाहिलं, मग सिस्टरकडे.

"तुमच्यातली नर्सिंगची नक्की कोण?"

गुळगुळीतला हसू फुटलं.

प्राचार्यांनी वर्ग बंद करायचा कागद घडी घालून खिशात ठेवला. "सोमवारी येतो. तेव्हा उघडली नाही, तर मात्र सही करीन."

"उघडेल की नाही, सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या, आणि दुकानदाराच्या हातातला झाडू घेऊन त्याला मामांपुढे बसवलं.