तुलनेची हवा

हट्ट कारखानदाराचाच होता. "गल्लीच्या हवेशी तुलनेला आमच्या गच्चीवरची हवा घ्या, ताई. स्वच्छ हवा कशाला म्हणतात, ते तुमच्या प्रयोगशाळेला कळू तरी दे!"

हवा तपासणाऱ्या ताईने नुसती मान डोलावली. तिचा दादा याच माणसाच्या कारखान्यात बॉयलरच्या तोंडी लाकडाचा भुसा देता देता खोकून संपला होता. खोकल्याची तक्रार घेऊन तो गेला, तेव्हा मालक हसून म्हणाला होता, "खिडकी लावून झोपत जा." दादा गेल्यावर कारखान्यालगतच्या त्याच्या गल्लीने ओरड केली. मालकाने धुराडं दुप्पट उंच केलं आणि हात झटकले. ताईच्या मनातला निखारा मात्र राखेखाली धगधगत राहिला.

महिनाभर दोन गाळणकागद हवा पीत राहिले. एक दादाच्या गल्लीत, दुसरा टेकडीवर, मालकाच्या बंगल्याच्या गच्चीत. दोन्हींवरची काजळी तिने सारख्याच वजनाने घेतली आणि काचेच्या बशांत वाढवलेल्या माणसाच्या फुप्फुसपेशींवर सोडली. गल्लीच्या काजळीने मालकाचा गळा धरावा, एवढंच तिचं मागणं होतं.

गल्लीच्या बशीतल्या पेशी कोमेजल्या, पण तगल्या. गच्चीच्या बशीत त्या फुगल्या, एकमेकींचे हात सोडून सुट्या झाल्या आणि दिवे मालवत गेलेल्या वस्तीसारख्या विझल्या. बशांची अदलाबदल झाली असावी, म्हणून तिने प्रयोग पुन्हा केला. तेच. मग उमगलं. उंच धुराड्यातला धूर आता गल्ली ओलांडून जात होता, दिवसभर उन्हात शिजून जहाल होत होता आणि संध्याकाळी टेकडीवर उतरत होता.

दादा गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली.

मालक निकाल ऐकायला आला. "काय म्हणते तुमची गल्ली?"

"गल्ली त्या मानाने बरी आहे."

"बघा! उगाच माझ्या नावाने खडे फोडत होतात."

"आता तुमची गच्ची बघा. तिथल्या काजळीने मेलेल्या फुप्फुसपेशी आहेत." तिने स्टूल पुढे सरकवलं.

त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "हे... माझं फुप्फुस नाही ना?"

"छे. तुमचं अजून तुमच्या छातीतच आहे."

"रोज संध्याकाळी मी तिथे छाती भरून हवा घेतो हो, ताई!" त्याचा आवाज चिरकला. "काहीतरी उपाय असेल?"

उपाय तिच्या जिभेवर तयार होता: बॉयलर बदला, धूर गाळून सोडा. दादाने धूर गिळला होता, तसा तिने तो शब्द न् शब्द गिळला.

"खिडकी लावून झोपत जा," ती हसून म्हणाली.