विचारणारा कॉम्प्युटर

पुण्याला जायचं मी पक्कं करून टाकलं होतं, फक्त सुलोचनेला सांगायचं राहिलं होतं. साल दोन हजार सहा. आमचा नीलेश दोन वर्षांपासून मागे लागला होता की बाबा, आता दुकान पुरे, तुम्ही दोघं इकडे या. फेब्रुवारीत दुकानात माळ्यावरचे डबे काढून शिडीवरून उतरताना माझा गुडघा दगा देऊन गेला, आणि त्या आठवड्यात मी फोनवर त्याला होकार दिला. भांड्यांचं दुकान पुतण्याकडे, आम्ही राहतो ते सिंदी मेघेचं घर भाड्याने, आणि अक्षय तृतीयेला आम्ही पुण्यात. नीलेश म्हणाला, "आईला विचारलं का?" मी म्हटलं, सांगतो. मार्च गेला, एप्रिल लागला, आणि मी काही सांगितलं नाही. सामान बांधायच्या वेळी कळेलच, असं मी स्वतःची समजूत घालून बसलो होतो.

मी माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बायकोवर कधी हात उगारला नाही, तिच्या माहेरच्यांना कधी तोडून बोललो नाही. पण घरात काय करायचं ते मी ठरवायचो आणि ठरलं की तिला कळवायचो. माझ्या वडिलांनी तेच केलं, त्यामुळे त्यात काही खटकण्यासारखं आहे असं माझ्या डोक्यातच कधी आलं नाही.

कॉम्प्युटर नीलेशने आदल्या दिवाळीत बसवून दिला होता. रविवारी सकाळी नातीचं, हर्षाचं, तोंड आजीला त्यावर दिसावं, एवढाच हेतू. मी त्याच्यापासून लांबच राहिलो. सुलोचना सातवी शिकलेली, पण महिनाभरात तिने तो हाताखाली आणला. कुठलं बटण आधी, कुठलं नंतर, हे सगळं तिने एका शंभर पानी वहीत लिहून ठेवलं होतं. काम झालं की ती त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालायची. मी चिडवायचो की माझ्या अंगावर कधी पांघरूण घातलं नाहीस एवढ्या मायेनं, आणि ती म्हणायची, तुम्ही कुठं गप बसता त्याच्यासारखे.

या कॉम्प्युटरच्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, अधूनमधून एक पिवळी ढाल यायची आणि तिच्यावर इंग्रजीत दोन ओळी. पहिल्यांदा आली तेव्हा सुलोचना घाबरली. तिने एकेक अक्षर वहीत उतरवून घेतलं आणि नीलेशला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, काही नाही आई, कॉम्प्युटरसाठी नवीन दुरुस्त्या आल्या आहेत, त्या टाकू का म्हणून तो विचारतो आहे.

"मले विचारते?" ती म्हणाली.

त्या दिवसापासून ढालीचं आमच्या घरात एक प्रस्थ झालं. महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी ती हमखास येते, हे सुलोचनेने दोन महिन्यांत हेरलं आणि कॅलेंडरवर खुणा केल्या. ढाल आली म्हणून ती लगेच बटण दाबत नसे. त्या वर्षी लोडशेडिंगने जीव नकोसा केला होता. दुकान शहरात, तिथलं वेळापत्रक वेगळं. सिंदी मेघेचं वेगळं, आणि तेही दर पंधरा दिवसांनी बदलायचं. सुलोचनेने ते पेपरातून कापून फ्रिजवर चिकटवलं होतं. ती ढालीकडे बघून म्हणायची, आज नाई. मग दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, कुकर उतरवून, लाईट दुपारपर्यंत जाणार नाही याची खात्री करून ती खुर्चीत बसायची आणि 'हो'चं बटण दाबायची. तिने एकाही दुरुस्तीला नकार दिला नव्हता. वेळ मात्र ती ठरवायची.

नीलेशला हे पटत नव्हतं. तो त्यातला माणूस. म्हणे व्हायरस काय तुझी आंघोळ होईपर्यंत थांबतात का, ते सगळं ऑटोमॅटिक करून टाक, म्हणजे तुझ्या डोक्याला ताप नाही. ती म्हणाली, राहू दे, विचारू दे त्याला. नीलेशने दोन-तीनदा सांगून पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे मोर्चा वळवला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुलोचना भाचीच्या साखरपुड्याला दोन दिवस हिंगणीला गेली. मी नीलेशला फोन लावला आणि रिसीव्हर खांद्यात धरून, तो सांगेल तिथे तिथे बाण नेत, ते ऑटोमॅटिक करून टाकलं. रोज किती वाजता टाकायचं असं त्यात विचारलं होतं. नीलेश म्हणाला, रात्री तीन ठेवा. पण रात्री सुलोचना झोपायच्या आधी त्याचं बोर्डावरचं बटण बंद करते. मी दुपारचे चार टाकले. त्या वेळी कॉम्प्युटर चालू असतो, ती फोटो बघत असते. मला मोठं काम केल्यासारखं वाटलं. तिचा त्रास वाचवला, असंच वाटलं.

दुसरा बुधवार आला. दुपारी एक वाजता मी जेवायला घरी गेलो, तर ताट वाढता वाढता ती दोनदा पुढच्या खोलीत जाऊन आली. मग म्हणाली, "काऊन हो, आज ते आलं नाई?"

मी म्हटलं, येत नाही आता ते. ऑटोमॅटिक केलं मी. आता त्याचं ते बघून घेतं, तुला कटकट नाही. हे मी चांगलं ऐटीत सांगितलं.

ती पोळी हातात घेऊन उभी राहिली. "मले कटकट नव्हती," ती म्हणाली. आणि पोळी माझ्या ताटात ठेवत, जराही आवाज न चढवता म्हणाली, "या घरात तेवढंच एक मले विचारत होतं."

मी चिडलो. काय कमी केलं तुला, हे आमचं ठरलेलं वाक्य मी बोललो. मी हात धुतले आणि उन्हात तसाच दुकानात निघून गेलो.

दुकानात एक बाई मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला आली होती. मी तिला डबे दाखवत होतो. ताई, हा घेता का तो, कडीचा हवा की बिनकडीचा, नाव कोणाचं घालू, मुलीचं की जावयाचं, तारीख घालू का. बोलता बोलता मला माझाच आवाज ऐकू आला. उभी हयात मी परक्या बायकांना दहा-दहा वेळा विचारत आलो होतो.

सुलोचनेला काय काय विचारलं नाही, ते मी आठवायला लागलो. पुष्कळ निघालं, त्यातलं बरंचसं किरकोळ. एक मात्र किरकोळ नव्हतं. नीलेश दहा वर्षांचा असताना थोरल्या भावाने आणि मी याच गादीवर बसून ठरवलं होतं की पोराला नागपूरला हॉस्टेलमध्ये टाकायचं. सुलोचनेला मी जेवताना सांगितलं, परवा निघायचं आहे, त्याचे कपडे काढून ठेव. त्याच्यासाठी नवीन ताट, वाटी आणि पेला मी दुकानातून नेला. मशीनने नाव मीच घातलं त्यांच्यावर. तिने ती तिन्ही भांडी पुसून पेटीत ठेवली. एवढंच म्हणाली की तिथे दूध देतील काय त्याला. त्यानंतर तो घरी आला तो सुट्ट्यांपुरताच, आणि मग पुण्याचाच झाला.

संध्याकाळी मी जरा लवकर घरी आलो. लाईट नव्हती. सुलोचना अंगणात बसली होती, आणि तिचा चेहरा बघूनच काहीतरी बिनसलं आहे हे कळलं. त्या पंधरवड्यात आमच्याकडची लाईट सव्वाचारला जात होती. मला ते ठाऊक नव्हतं, फ्रिजकडे मी कधी बघितलं होतं? लाईट जायच्या आत म्हणून चार वाजता ती कॉम्प्युटर बंद करायला गेली, तर तो बंद होईना. त्याने कोणाला न विचारता दुरुस्त्या टाकायला घेतल्या होत्या, आणि मला बंद करू नका असं वर लिहून तो बसला होता. लाईट गेली. यूपीएस दहा मिनिटं टीं टीं करत राहिला. ती त्याच्यासमोर उभी होती, तिच्या हातात काही नव्हतं. मग सगळं विझलं. सात वाजता लाईट आल्यावर तिने बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर चार पांढऱ्या ओळी आल्या आणि पुढे काही हललं नाही.

मला वाटलं, आता ती बोलणार, आणि बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती एवढंच म्हणाली की रविवारी हर्षा वाट पाहील.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. रूपरावला घेऊन आलो. हा रूपराव आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर. त्याने दोन तास घालवून सगळं पुन्हा सुरू केलं. फोटो शाबूत होते. उठायच्या आधी त्याने मान वळवून मला विचारलं, "भाऊ, हे ऑटोमॅटिकच ठेवू का पहिल्यासारखं विचारत राहू देऊ?"

उत्तर माझ्या तोंडात आलं होतं. ते मी गिळलं. "मले नको विचारू," मी म्हटलं. "तिले विचार."

रूपरावने आश्चर्याने तिच्याकडे पाहिलं. "विचारत राहू द्या," ती म्हणाली. "इथली लाईट कवा जाते, त्याले थोडीच मालूम हाय."

रूपराव चहा पिऊन गेला. सुलोचना कपबशा उचलायला वाकली, तेव्हा मी म्हटलं, बस जरा, तुला एक विचारायचं आहे. तिला वाटलं मला काहीतरी हवं आहे. ती म्हणाली, पाणी देऊ का. मला हसू आलं नाही.

"पुण्याले राह्यले जायचं काय आपण?" मी म्हटलं. "मी नीलेशले हो म्हणून बसलो, फेब्रुवारीतच. तुले विचारलं नाई. चुकलं माझं. आता विचारून राह्यलो."

तिने कपबशा खाली ठेवल्या. "अन् मी नाई म्हटलं तर?"

"तर त्याले फोन करून नाई सांगतो."

ती किती तरी वेळ हातातल्या बांगड्यांशी चाळा करत बसली. मी घाई केली नाही, आणि माझ्यासारख्याला ते सोपं नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "आधी पहिलं विचारा."

"पहिलं कोणतं?"

"नीलूचं. हॉस्टेलचं."

मी म्हटलं, त्या गोष्टीला तेवीस वर्षं झाली, आता विचारून काय उपयोग. ती म्हणाली, "विचारा तर."

मी सरळ बसलो. जेवताना सांगितलं होतं तसं नाही, तिच्याकडे तोंड करून बोललो. "सुलोचना, नीलेश दहा वर्षांचा झाला. भाऊ म्हणते, त्याले नागपूरले हॉस्टेलात टाकू. टाकू का?"

"नाई," ती म्हणाली. "लहान आहे तो. नाई टाकायचं."

"बरं," मी म्हटलं. "नाई टाकत."

तेव्हा ती रडली. तेवीस वर्षांपूर्वी पेटी भरताना ती रडली नव्हती, एस. टी. सुटली तेव्हाही नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिलो. मलाही फार वाईट वाटत होतं. डोळे पुसून झाल्यावर ती म्हणाली, पुण्याचं उद्या विचारजा, आज एवढंच.

दुसऱ्या दिवशी जेवायला आलो तेव्हा चप्पल काढायच्या आत मी विचारलं. तिचं उत्तर तयार होतं. जाऊ, पण अक्षय तृतीयेला नाही. कैऱ्या अजून उतरायच्या आहेत, लोणचं घालायचं आहे, भाचीचं लग्न आहे. दसऱ्याला जाऊ. आणि नीलूला मी सांगते.

तिनेच फोन लावला. मी शेजारी जेवत होतो, नीलेशचा आवाज मला अर्धामुर्धा ऐकू येत होता. दसऱ्याचं ऐकून तो म्हणाला, "आई, तुला विचारलं का बाबांनी?"

"हो," सुलोचना माझ्याकडे बघत म्हणाली. "दोन्ही विचारलं."

दोन्ही म्हणजे काय, असं तो तिकडून विचारत होता. तिने त्याला सांगितलं नाही, आणि मला आणखी एक पोळी वाढली.