तीन मार्कांची कॅसेट

मी बोलतेय ती कॅसेट गाण्याची नव्हे, खेळाची. माझ्या पोटात फीत नाही. एक हिरवी पट्टी आहे आणि तिच्या कडेला तांब्याचे बारीक दात. अंगावर पिवळं प्लास्टिक, छातीवर लाल मोटारीचं चित्र. टीव्हीला जोडलेल्या डब्यात मला खोचायचं, कळ दाबायची, की पडद्यावर रस्ता धावू लागतो. निदान धावावा अशी अपेक्षा असते.

खरा खेळ माझा नव्हे. तो एका अख्ख्या यंत्राचा. मोठ्या शहरांत, प्रदर्शनांत ते यंत्र असायचं. बसायला खुर्ची, हातात स्टिअरिंग, पायाशी पॅडल. डावीकडे समुद्र, रस्ता चढायचा, उतरायचा, आणि पाचव्या टप्प्याच्या शेवटी पांढरा दीपस्तंभ. तिथे पोचलं की जिंकलं. तो खेळ घरातल्या छोट्या डब्यावर बसवायचं काम दूरदेशीच्या कुठल्याशा कारखान्यातल्या माणसांकडे आलं. माझ्या पोटात जागा थोडी. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. त्या लोकांनी पायच कापले. समुद्राची निळी पट्टी केली. चढउतार काढून रस्ता सपाट केला. गाण्याच्या जागी पिपाणी ठेवली. आणि पाचवा टप्पा मुळी घातलाच नाही. चौथा संपला की माझा रस्ता गुपचूप पहिल्या किनाऱ्यावर परत येतो. दीपस्तंभ माझ्यात नाहीच. माझ्या खोक्यावर मात्र तो ऐटीत छापलेला होता. ते खोक्यावरचं खोटं मी बोलले नव्हते, तरी त्याची लाज मला आजही वाटते.

मराठी मी तंजावूरला शिकले. मेल वीथी नावाच्या रस्त्यावर सेतुराम राव यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. पुढच्या खोलीत नऊ टायपरायटर, मागच्या बाजूला घर. घरात राव, त्यांची बायको चंद्रमती आणि एकुलती मुलगी हरिप्रिया. इथली मराठी तुमच्या पुण्याकडची नव्हे. अडीच-तीनशे वर्षांपूर्वी इकडे आली ती इकडचीच झाली, सांबार-रसम खाऊन वाढली. तुमच्यासाठी मी जरा सांभाळून बोलतेय एवढंच.

या घरात मी येण्याआधीची एक गोष्ट मी तिथे इतक्यांदा ऐकली, की ती माझ्या डोळ्यांसमोर घडली असं वाटतं. ब्याण्णव सालच्या पोंगलच्या सुट्टीत राव मुलीला घेऊन मद्रासला प्रदर्शन बघायला गेले होते. तिथे ते यंत्र होतं. हरी नऊ वर्षांची, तिचे पाय पॅडलला पोचेनात. मग राव खुर्चीत बसले, तिला मांडीवर घेतली. पॅडल अप्पांचं, स्टिअरिंग हरीचं. बापलेकींनी चार टप्पे ओलांडले. पाचव्यात शिरले, लांबवर दीपस्तंभाचा ठिपका दिसला, आणि वेळ संपली. मागे ही रांग लागलेली. उठावं लागलं.

परतीच्या बसमध्ये पोरीचं एकच पालुपद. "अप्पा, आणिक एक वळण झालं असतं तर पोचलो असतो."

"पोचू कण्णा," राव म्हणाले. "तू नि मी मिळून पोचू. मी सांगतो ना."

पुढच्या वर्षी परीक्षेच्या कामासाठी ते पुन्हा मद्रासला गेले आणि बर्मा बाजारातून डबा आणि मला घेऊन आले. खोक्यावरचा दीपस्तंभ पाहूनच त्यांनी मला निवडलं होतं.

पहिल्या संध्याकाळी हरी पडद्याकडे बघतच राहिली. "समुद्र कुठं आहे?"

"ते निळं दिसतंय नव्हे का, तेच."

"ते हलत नाही, अप्पा."

"उन्हाळ्याचा समुद्र आहे. सुम्मा, उगाच पडून आहे," राव म्हणाले, आणि चंद्रमतीबाई स्वयंपाकघरात हसल्या. हरीही हसली. दुधाची तहान ताकावर भागवायची, तर ताकाला नावं ठेवून कसं चालेल?

रिमोट एकच होता. दिशेच्या कळा डावीकडे, वेगाचं बटन उजवीकडे. एका माणसाने दोन्ही अंगठ्यांनी खेळायचं, असं माझ्याबरोबरच्या कागदावर लिहिलं होतं. पण हरी म्हणाली, मद्रासला खेळलो तस्संच. मग रिमोटचं डावं टोक तिच्या हातात आणि उजवं रावांच्या, अशी दोघं चटईवर खांद्याला खांदा लावून बसली. असं खेळताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही.

आता रावांच्या अंगठ्याविषयी सांगायला हवं. टायपिंगमध्ये उजवा अंगठा एकच काम करतो. शब्द संपला की स्पेसबारवर टिचकी मारायची आणि सुटायचं. बावीस वर्षं रावांनी मुलांना हेच शिकवलं होतं. दाबून धरणाऱ्याच्या बोटांवर ते पट्टी आपटायचे. आणि माझं बटन तर दाबूनच धरावं लागतं! राव टिचकी मारायचे, गाडी उचकी दिल्यासारखी पुढे जायची आणि मंदावायची.

"अप्पा, दाबून धरा!"

"धरतोय की."

धरत नव्हते. त्यांना कळतही नव्हतं. त्या टिचकीपायी आम्ही दुसऱ्या टप्प्यापलीकडे फारसे गेलोच नाही. तरी शेवटची बॅच सुटली की रोज अर्धा तास ठरलेला. मी मनातून घाबरत असे. ही दोघं खरोखरच चौथा टप्पा ओलांडून आले तर मी काय दाखवू? आज वाटतं, ती भीती हेच माझं सुख होतं.

मग एकोजीकाकांनी सिंगापूरहून आपल्या मुलाला नवा डबा पाठवला. एकोजी म्हणजे रावांचे धाकटे भाऊ. त्यांचं कुटुंब तंजावूरजवळच्या पापनाशमला, मुलगा कार्तिकेय हरीपेक्षा वर्षानं मोठा. त्या डब्यासाठी हाच खेळ, पण थोरल्या अंगाची कॅसेट. चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात हरी तिकडे पंधरा दिवस राहून आली ती एक वही घेऊन. वहीत तिने तीन रकाने आखले होते. मद्रासचं यंत्र, कार्तिकेयच्या घरचा खेळ, आमच्या घरचा खेळ. समुद्र, चढउतार, गाणं, गाडीचा आवाज, सगळ्याची नोंद. शेवटी मार्क. तिच्या डोळ्यांत परीक्षकाची ऐट होती. संध्याकाळचा अर्धा तास आधी पंधरा मिनिटांवर आला, मग एक दिवसाआड, मग "आज अभ्यास आहे, अप्पा." राव रिमोट पुसून जागेवर ठेवायचे.

अशात नवरात्र आलं. तंजावूरला नवमीच्या दिवशी सरस्वतीपूजा म्हणजे पुस्तकांची आणि हत्यारांची पूजा. शाळेची पुस्तकं, विळी, सायकल, रावांचे नऊ टायपरायटर, सगळं पुसून त्यांना गंधकुंकू लावायचं. एकदा पूजेत ठेवलं की दुसऱ्या दिवशीच्या पूजेपर्यंत हात लावायचा नाही. आणि विजयादशमीच्या सकाळी प्रत्येकाने आपापल्या वस्तूचा थोडा तरी उपयोग करायचा. पुस्तकाच्या चार ओळी वाचायच्या, टायपरायटरवर एक ओळ मारायची. तेव्हा विद्या फळते.

त्या वर्षी रावांनी मलाही पूजेत मांडलं. मला वाटतं, दशमीला हरीला माझ्याजवळ बसावंच लागेल, असा त्यांचा साधा हिशेब होता. त्यांनी चंदन उगाळलं. टायपरायटरला गंध कुठे लावायचं ते त्यांना बरोबर ठाऊक, अक्षरांच्या दांड्यांना ते थेंब लागू देत नसत. पण माझी रचना त्यांना काय माहीत? छातीवर हरीच्या आवडीची लाल गाडी. तिच्यावर डाग नको म्हणून त्यांनी मला उलटं धरलं आणि खालच्या कडेला, थेट तांब्याच्या दातांवर, चांगलं तीन बोटं दाट गंध लावलं. वर कुंकू. मला बोलता येत असतं तर ओरडले असते. दिवसभर, रात्रभर ते गंध दातांच्या फटीत वाळत गेलं.

सकाळी पुनर्पूजा झाली. विद्यार्थी एकेक ओळ मारून गेले. पापनाशमची मंडळी आली होती. राव म्हणाले, "हरी, एक टप्पा तरी. दशमी आहे."

तिने मला खोचलं. पडदा राखाडी झाला, थरथरला. तिने मला काढलं, फुंकलं, पुन्हा खोचलं. मग दात पाहिले.

"अय्यो! गंध कोणी लावलं इथं?"

"मी लावलं," राव म्हणाले. "चित्र खराब होईल म्हणून..."

कार्तिकेय पोट धरधरून हसला. हरीचा चेहरा लाल झाला. भावासमोर बापाचं हसं झालं, याचा राग तिने बापावरच काढला. "जाऊ द्या, अप्पा. तिला तीनच मार्क होते."

"किती पैकी?"

"दहापैकी."

 दुपारी सगळे जेवून लवंडल्यावर रावांनी तिची ती वही उघडली. कार्तिकेयच्या घरचा खेळ: आठ. समुद्र हलतो. दीपस्तंभ आहे, मी पाहिला. आमच्या घरचा खेळ: तीन. समुद्र नाही, चढ नाही. अप्पा बटन दाबून धरत नाहीत.

"मी पाहिला" या दोन शब्दांपाशी त्यांचं बोट थांबलं. ती तिथे एकटीच पोचली होती, आणि आपल्याला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर महिनाभर राव दुपारच्या वेळी माझे दात घासत बसले. आधी ब्रश, मग स्पिरिट, शेवटी टाइपाची अक्षरं खोडायचं कडक रबर. एक दिवस मी चालू झाले. काय आनंद झाला मला! त्यांनी हरीला हाक मारली नाही. रिमोटची दोन्ही टोकं स्वतःच्या हातात घेतली आणि खेळू लागले. दाबून धरायचं शिकायला त्यांना कितीतरी दुपारी लागल्या. अंगठा सुटला की स्वतःलाच दटावायचे, "धर रे, धर." शिकले की मुलीला दाखवणार होते, हे मला कळत होतं. आणि एका दुपारी त्यांनी चौथा टप्पा ओलांडला.

पहिला किनारा परत आला. तीच निळी पट्टी, तीच सपाट सडक. ते पुन्हा एक फेरी खेळले. पुन्हा तेच. मग त्यांनी माझं खोकं हातात घेतलं आणि त्यावरच्या दीपस्तंभाकडे बराच वेळ बघत बसले. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. त्यांनी मला जुन्या वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, फडक्यात गुंडाळलं आणि बंद पडलेल्या सहा नंबरच्या टायपरायटरच्या झाकणाखाली ठेवून दिलं. मी चालते, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

तिथे मी सहा वर्षं होते. आधी आजूबाजूच्या मशीनची टकटक ऐकू यायची. मग कोपऱ्यावर कॉम्प्युटर क्लास निघाला आणि एकेक मशीन गप्प होत गेलं. हरी इंजिनिअरिंगला कोइमतूरला गेली. रावांना काचबिंदू झाला. डावा डोळा गेला, मागोमाग उजवाही धूसर झाला.

दोन हजार सालच्या नवमीला हरी सुट्टीवर आली होती. अप्पांना पूजेची मांडामांड जमेना म्हणून तिने झाकणं काढली, आणि फडक्यातून मी निघाले.

"अप्पा, ही अजून आहे?"

"असू दे. पूजेत ठेव."

तिने गंधाची वाटी घेतली आणि थबकली. "कुठं लावू?"

"चित्रावर लाव," राव म्हणाले. "दातांना नको." तिने लाल गाडीवर गंधाचा ठिपका लावला.

दशमीला चंद्रमतीबाईंनीच डबा काढून दिला. वापर तर करायलाच हवा होता. हरीने काही आशा न धरता मला खोचलं, आणि पिपाणी वाजली.

"चालतीय, अप्पा!"

"चालतच होती."

"मग मज सांगितलं का नाही?"

"तू पुसलीस कुठं?" आवाजात राग नव्हता. म्हणूनच तिला ते फार लागलं.

ती त्यांच्याजवळ चटईवर बसली. रिमोटचं उजवं टोक तिने त्यांच्या हातात दिलं, अंगठा धरून बटनावर ठेवला. त्यांनी दाबून धरला. एकदाही सोडला नाही. हरीने अंगठ्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. न दिसणाऱ्या बापाला ती सांगू लागली, आता वळण, आता बोगदा, आता दोन ट्रक. दुसरा टप्पा. तिसरा. चौथा.

पहिला किनारा परत आला.

हरी थांबली. गाडी पळतच होती.

"काय झालं?" रावांनी विचारलं.

"पाचवा लागला, अप्पा," ती म्हणाली. "मोठा चढ आहे. समुद्र खाली राहिला. लाटा फुटताहेत." पापनाशमला पाहिलेलं ती आठवून आठवून सांगत होती. "आता उतार. समोर दीपस्तंभ."

"पांढरा?"

"पांढराच. आलोच आपण."

रावांचा अंगठा अजून बटनावरच होता. माझा रस्ता कुठे जातो ते त्या घरात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? "मग सोडू आता?"

"सोडा, अप्पा. पोचलो."

त्यांनी अंगठा उचलला. गाडी पहिल्या किनाऱ्यावर, निळ्या पट्टीशेजारी उभी राहिली. "मी सांगितलं होतं ना," राव म्हणाले.

आता मी हरीच्या टेबलाच्या खणात असते. गंधाचा डाग लाल गाडीवर तसाच आहे. तीन मार्क मिळाले त्याबद्दल माझी तक्रार नाही, तेवढीच माझी लायकी. चुटपुट लागून राहिली आहे ती झाकणाखालच्या सहा वर्षांची. त्यातली चार वर्षं रावांना दिसत होतं. तुमच्याही घरात कुणी काही तरी घासूनपुसून, न बोलता ठेवून दिलं असेल. एकदा विचारा, चालतंय का म्हणून. मी चालत होते हो.